नेहमी, कधी कधी, कधीच नाही

४ ऑगस्ट

ताई,

पाकिटावर 'मा. उपसचिव, बालसुरक्षा कक्ष' असं लिहिताना मला हसू आलं. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि तो कुणाकडे मागायचा तर आपण नऊ वर्षं बोलत नाही हे आधी त्याला सांगावं लागेल. म्हणून कचेरीच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझा शिपाई आधी आवक-शिक्का मारेल. मारू दे, काम कचेरीचंच आहे.

मी आता शाळेत समुपदेशक आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चित्रकला शिकवत होते. तुमचं धोरण आलं, प्रत्येक शाळेत एक समुपदेशक हवा असं त्यात होतं, आणि मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली तेव्हा नेमका माझाच तास रिकामा होता. बारा दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, आणि जिथे खेळाचं सामान ठेवायचे ती खोली. अजूनही मुलं मधूनच दार ढकलून 'बाई, चेंडू?' म्हणतात.

दाराला काच आहे, धोरणाप्रमाणे. मोठं माणूस आणि मूल बंद दाराआड नकोत, हे मला पटतं. पण माझी खोली पाण्याच्या नळांसमोर येते. आत कोण रडतंय ते अख्खी शाळा ओंजळीने पाणी पिता पिता बघते. मुख्याध्यापकांनी काचेवर कॅलेंडर टांगलं. तपासणीच्या साहेबांनी ते उतरवलं आणि घरी घेऊन गेले, चित्रं छान होती म्हणून.

असो. विचारायचं एवढंच होतं की एकदा पाठवलेला नमुना सात दुरुस्त करता येतो का? म्हणजे संगणकात भरताना एखादं उत्तर चुकून शेजारच्या रकान्यात पडलं तर? एका सहकारी बाईंना माहिती हवी आहे.

माझी तब्येत ठीक. तुझी?

धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

उत्तर मिळालं. टाइप केलेल्या दोन ओळी. 'दाखल झालेला नमुना सात बदलता येत नाही. चूक आढळल्यास शाळेने स्वतंत्र निवेदन द्यावे.' आणि खाली पेनाने, 'सहकारी बाई कोण?'

तुझ्यापासून लहानपणीही काही लपायचं नाही. सहकारी बाई वगैरे कुणी नाही. मीच ती.

तुला नमुना सात पाठ असेल, पण तो आमच्याकडे कसा भरला जातो ते सांगते. बावीस प्रश्न, प्रत्येकाला तीन उत्तरं: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. मुलं कागदावर खुणा करतात, मी संगणकात भरते, मग कागद फाडून टाकायचे. काही प्रश्नांना 'नेहमी' सोडून दुसरं काहीही आलं की पडद्यावर लाल पट्टी येते आणि चोवीस तासांत तुमच्या कक्षाचं पथक दारात हजर होतं.

सातवीत एक मुलगी आहे. वर्गातली मुलं तिला घड्याळ म्हणतात, कारण ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असते. शाळा साडेबाराला सुटते. तिला दोनच्या आत घरी पोचायचं असतं, आणि वाटेत बालवाडीतून पाच वर्षांच्या भावाला उचलायचं असतं. गेल्या वर्षापासून मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे येऊन बसते. काचेकडे पाठ करून. बोलत फारसं नाही, माझ्या रंगीत पेन्सिलींना टोकं काढते. इतक्या काढते की पेन्सिली बोटाएवढ्या झाल्यात.

'तुला घरी सुरक्षित वाटतं का?' या प्रश्नापुढे तिने खूण केली, 'कधी कधी'. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "बाई, ते पाठवलंत का? खोडा ना. मला वाटलं परीक्षेसारखं खरं लिहायचं असतं."

मी पाठवलं नव्हतं. मी 'नेहमी' भरलं. मग पाठवलं.

मला उपदेश करू नकोस. मागच्या वर्षी मी नियमाप्रमाणेच वागले होते. पाचवीत दोघं भावंडं होती. लाल पट्टी आली, मी कळवलं, पथक गणिताच्या तासाला वर्गात शिरलं. बहीण एका गावच्या बालगृहात, भाऊ दुसऱ्या. मुलींची आणि मुलांची गृहं वेगळी असतात ना. त्यांची दप्तरं महिनाभर माझ्या खोलीत पडून होती. त्यानंतर शाळेतल्या एकाही मुलाने नमुना सातवर 'नेहमी' सोडून काही लिहिलं नाही. या मुलीने लिहिलं.

ती घरी थोडा वेळ एकटी असते एवढंच. आई मायाळू आहे. मारहाण वगैरे अजिबात नाही.

धाकटी


९ सप्टेंबर

ताई,

या वेळी तुझं पत्र हाताने लिहिलेलं आणि घरच्या पत्त्यासकट. पण त्यात एकच प्रश्न. 'मुलीची आई कामाला कुठे जाते, आणि पाळी कोणती?'

ते मी सांगणार नाही. तू माझी बहीण आहेस तशी उपसचिवही आहेस. तुला कळलं की तुझ्यातली उपसचिव लगेच फोन उचलेल, आणि बालवाडीतून पथक त्या पोराला उचलेल. तुला मी ओळखते. एकदा खरं कळलं की तू गप्प बसत नाहीस.

पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, आणि ती मला झोपू देत नाही. मुलं नुसती एकटी नसतात. आई बाहेरून कुलूप लावते. दोन ते दहा. एक खोली, एक गजांची खिडकी, आत गॅसची शेगडी.

मी आईला भेटले. घरी जायची मला परवानगी नाही, म्हणून बसथांब्यावर गाठलं. हात कोपरापर्यंत पांढरेफटक आणि सुरकुतलेले, नवऱ्यामागे पोरं एकटीने वाढवणारी बाई. मी म्हटलं, "कुलूप लावता हे बरं नाही. आत काही झालं तर?" तर ती म्हणाली, "आणि न लावता काही झालं तर? मागच्या वर्षी भरदिवसा एक जण दार ढकलून आत आला होता. पोरगी पोराच्या तोंडावर हात ठेवून खाटेखाली लपली होती. तो पाणी पिऊन, डबे धुंडाळून गेला. तुम्ही सांगा बाई, मी काय करू? नोकरी सोडू की पोरं सोडू?"

माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, ताई. त्या बारा दिवसांत हे शिकवलं नव्हतं.

शेवटी ठरलं की एक जादा किल्ली बाहेरच्या कुणाकडे असावी. शेजारी शिवणकाम करणारी एक बाई राहते, पण नळाच्या पाण्यावरून दोघींचं भांडण आहे, तिला किल्ली द्यायला आई कबूल होईना. मग मी म्हटलं, माझ्याकडे द्या. मी दोन गल्ल्या सोडूनच राहते. वेळ आली तर मुलीने खिडकीतून शेजारणीला हाक मारायची आणि शेजारणीने मला फोन करायचा. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. समुपदेशकाने मुलांच्या घराशी खासगी संबंध ठेवू नयेत, हे तुमचं कलम मला पाठ आहे.

आणखी एक सांगून टाकते. यंदा आमच्या शाळेत एकही लाल पट्टी नाही. जिल्ह्यात आमचंच नाव वर आहे. मुख्याध्यापकांनी माझ्या खोलीत पंखा बसवून दिला. मी स्वतःला सांगते की मी हे मुलीसाठी केलं. वर बघितलं की पंखा फिरताना दिसतो.

धाकटी


२७ सप्टेंबर

ताई,

मुलाचा पाय भाजला.

डाव्या पायाचं पाऊल आणि घोटा. वाचलाय. त्वचा लावावी लागेल म्हणतात.

सांगते नीट. मंगळवारी जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षण होतं, दहा ते पाच. विषय 'बालकांची सुरक्षितता: आपली जबाबदारी'. दारातच सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले, कारण मागच्या वेळी शिक्षक व्याख्यान चालू असताना फोनवर खेळत होते. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर.

साडेतीनच्या सुमाराला मुलीने भाताला आधण ठेवलं. भाऊ शेगडीपाशी खेळत होता, पातेलं उलटलं. तिने आधी गॅस बंद केला. मग बादलीतलं गार पाणी तांब्या-तांब्याने त्याच्या पायावर ओतलं, आणि ओतता ओतताच खिडकीकडे तोंड करून हाका मारल्या. शेजारीण धावली. तिने मला अकरा वेळा फोन केला. पाच वाजता पिशवीतून फोन हातात आला तेव्हा ते अकरा मला दिसले.

तिने वाट बघितली नाही. लोखंडी इस्त्री आणली आणि कुलपावर घातली. कुलूप नाही तुटलं, कडी उखडली. पोराला उचललं आणि रिक्षात घातलं. जिच्याशी नळावर भांडण होतं तिने.

डॉक्टर म्हणाले, मुलीने लगेच पाणी ओतलं म्हणून जखम आणखी खोल गेली नाही. हे मला शेजारणीने सांगितलं. मी गेले तेव्हा दवाखान्याने पथकाला कळवलेलं होतं, मुलीला घेऊन गेले होते, आणि आई पायऱ्यांवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकच विचारलं, "किल्ली कुठाय?"

मी पर्समधून काढून दिली. तिने ती घेतली नाही.


३ ऑक्टोबर

ताई,

तू फोन केलास तो मी उचलला नाही. बोलता येणार नव्हतं. लिहिता येतं.

चौकशी सुरू झाली आहे. मुलगी बालगृहात, मुलगा दवाखान्यात, आईने बालगृहाच्या फाटकापाशी दोनदा रडून गोंधळ केला म्हणून तिला भेट बंद. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ आहेत. मुलीने त्यांना सरळ सांगितलं की मी नमुन्यात 'कधी कधी' लिहिलं होतं, आणि कुलपाचं बाईंना माहीत होतं. त्यांनी संगणकात बघितलं. तिथे 'नेहमी'. आईला विचारलं. ती घाबरली, म्हणाली, "रोज नाही लावत कुलूप. त्या दिवशीच लावलं. पोरगी वाढवून सांगते." मुख्याध्यापकांनी सांगितलं, आमच्या नोंदी चोख असतात.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? मुलगी कल्पना करणारी आहे का?"

मी म्हटलं, "मला कागद बघून सांगावं लागेल."

कागद कसले बघायचे! तिचा कागद मी फाडलेलाच नाही. तो माझ्या कपाटात आहे, खूण निळ्या पेन्सिलीची. अधिकाऱ्यांना तेवढंच सांगून मी बाहेर आले आणि नळाचं पाणी प्यायले. त्याला आज तीन दिवस झाले. फायलीत शेरा पडलाय: 'मुलगी सांगण्यात बदल करते. विश्वासार्ह नाही.' तिथल्या लेखनिकाने मला तो दाखवला, मला बरं वाटेल म्हणून.

तुला हे वाचताना काय आठवत असेल ते मला माहीत आहे.

आपण ते कधी मोठ्याने बोललो नाही, म्हणून लिहून काढते. बाबा तुला अडगळीच्या खोलीत कोंडायचे. एकदा शनिवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तू वर्गशिक्षिकेला सांगितलंस. त्या घरी आल्या. बाबांनी त्यांना चांगल्या कपात चहा दिला. त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "खरं का गं?" मी सात वर्षांची होते, ताई, पण न कळण्याइतकी लहान नव्हते. मी म्हटलं, "नाही. ताई गोष्टी रचते."

त्यानंतर घरात, शाळेत, नात्यात तू 'रचणारी' झालीस. तुला ताप आला तरी आई आधी कपाळाला हात लावून खात्री करायची.

आणि नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, सगळे पांगले, तेव्हा तू स्वयंपाकघरात मला म्हणालीस, "आता तर ते नाहीत. आता एकदा सांग ना. मला नाही, मावशीला सांग फक्त." मी काय म्हटलं? "गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला?" तू पिशवी उचललीस आणि गेलीस.

मला तेव्हा बाबांची भीती नव्हती. मला मावशीच्या चेहऱ्याची भीती होती. आता मला मुख्याध्यापकांची भीती नाही. नोकरीची आहे, आणि नोंद बदलणं गुन्हा आहे त्याची आहे. पण सगळ्यांत मोठी भीती ही की मी खरं सांगितलं तर त्या पोराच्या पायाला मीही कारण आहे हे सगळ्यांना कळेल. आत्ता ते फक्त मला कळतं. आणि त्या मुलीला.

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

काल दिलं निवेदन. सोबत तो कागद.

अधिकाऱ्यांनी निळी खूण बघितली, चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, "बाई, तुम्ही हे न सांगता भागलं असतं."

मी म्हटलं, "मुलीचं भागलं नसतं."

"मोठी मुलगी खरं बोलत होती, असं लिहू?"

"लिहा. पहिल्यापासून खरं बोलत होती. बाकी आम्ही सगळे घाबरलो होतो."

त्यांनी शेवटचं वाक्य लिहिलं नाही. चौकशीत ते बसत नाही म्हणाले.

दुपारी निलंबनाचा कागद हातात आला. शिपाई पेन्सिली आणि खडूंचं खोकं दारापर्यंत घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पंखा आता संगणकाच्या खोलीत बसवतायत."

मी मावशीलाही पत्र टाकलं आहे. तिला आता वाचता येत नाही, सुनेने वाचून दाखवलं असेल. सुनेलाही कळलं तर कळू दे.

धाकटी


२ डिसेंबर

ताई,

तुझं लांब पत्र चारदा वाचलं. तू कुठेही मला माफ केलं असं लिहिलेलं नाहीस, आणि ते बरंच केलंस. पण कलम एकतीस वाचून मी पानाकडे बघतच राहिले.

'एकट्या पालकाच्या कामाच्या वेळेमुळे मूल असुरक्षित राहत असेल, तर शाळेच्या पत्रावरून मालकाने पाळी बदलून देणे बंधनकारक राहील.' तू स्वतः लिहिलेलं. आमच्या प्रशिक्षणात आम्ही नवव्या कलमापर्यंत पोचलो होतो, मग जेवणाची सुट्टी झाली. बाकीचं वाचण्याइतकी मीच कधी पुढे गेले नाही. आणि तू सप्टेंबरात विचारलं होतंस: आई कामाला कुठे, पाळी कोणती? तू फोन उचलणार नव्हतीस. तू मला एक पत्र लिहायला सांगणार होतीस. आई कामाला जाते त्या दवाखान्याच्या लाँड्रीला, माझ्याच शाळेच्या कागदावर. अर्ध्या पानाचं.

मी खोटा प्रश्न विचारला, तुझा खरा प्रश्न चुकवला, आणि मधल्या अठरा दिवसांत पोराचा पाय भाजला. याचं मला काही करता येत नाही. सकाळी उठते, चहा करते, ते तिथेच असतं.

तुला माहीत असेलच, तरी सांगते. आईला सकाळची पाळी मिळाली. पाच आठवड्यांनी मुलगी घरी आली, मुलगा त्यानंतर. जरा लंगडतो. शेजारीण दुपारी आपलं शिवणयंत्र त्यांच्या दारासमोर मांडून बसते, नळाचं भांडण चालूच आहे म्हणतात. फायलीतला शेरा खोडला गेला. माझ्या फायलीत मात्र नवा पडला: मुलांशी संबंधित कामास तीन वर्षं अपात्र, आणि 'सदर कुटुंबाशी कोणताही संपर्क करू नये'. मला तो अन्याय वाटत नाही. नियम असाच हवा. माझ्यासारखीसाठीच हवा.

पण परवा एक झालं. भाजीच्या दुकानापाशी ती समोरून आली, भावाचा हात धरून. तिने मला बघितलं. थांबली. मला वाटतं तिने हात उचलायला सुरुवात केली होती. आणि मी वळले, शेजारच्या दुकानात शिरले आणि बादल्या बघत उभी राहिले. दुकानदार विचारत होता, केवढी हवी? मी काचेतून बघितलं तर ती तिथेच उभी होती. मग भावाने ओढलं तशी गेली.

तिला काय वाटलं असेल? एकदा खरं सांगितलं, आईने पाठ फिरवली, बाईंनी फिरवली, आता रस्त्यातही फिरवतात. हुकुमाचं कुणी तिला सांगितलं असेल का? तेरा वर्षांच्या मुलीला असले कागद कोण दाखवतं?

मी चिठ्ठी लिहून शेजारणीकडे देणार होते. लिहिलीसुद्धा. मग फाडली. नियम माझ्या सोयीने वाकवायची सवय मला लागली आहे, आणि ती कुठे नेते ते मी पाहिलं आहे.

म्हणून तुला मागतेय. जानेवारीत या प्रकरणाची पाहणी करायला तुमच्या कक्षाचं माणूस येणार आहे. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तू ये. माझ्याकडे उतरायची गरज नाही. त्यांच्या घरी जा, खाली बस, आणि तिला सांग की बाईंना तुझ्याशी बोलायला मनाई आहे, म्हणून त्या वळल्या. तुझं चुकलं म्हणून नाही. तू सांगितलंस ते बरोबर केलंस.

मला तिच्याशी बोलता येत नाही, ताई. तुला येतं. आणि हे कसं सांगायचं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुला तर ते कुणी सांगितलंच नाही.

तुझी,
धाकटी